बारा टेस्टर भरले, चौदा दिवस झाले, तरी अर्ज परत का आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकट्याने काम करणाऱ्या एका डेव्हलपरने रोजचा खर्च नोंदवायचं अँड्रॉइड ॲप केलं, आयुष्यातलं पहिलंच. गूगल प्लेवर वैयक्तिक खातं उघडलं, घरचे आणि मित्र मिळून मोजून बारा जणांचे ईमेल टेस्टरच्या, म्हणजे ॲप आधी वापरून बघणाऱ्यांच्या, यादीत घातले, चौदा दिवस थांबून प्रॉडक्शनसाठी, म्हणजे ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्यासाठी, अर्ज केला. काही दिवसांत उत्तर आलं की ॲपची आणखी चाचणी व्हायला हवी, टेस्टर्सनी ते पुरेसं वापरलेलं दिसत नाही. आता त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. तेच पुन्हा चौदा दिवस करायचं का? पैसे देऊन टेस्टर घ्यावेत का? संस्थेच्या नावाने खातं उघडून ही बारा टेस्टर-चौदा दिवसांची अटच टाळता येईल का? आणि ॲपलकडे हे सगळं सोपं असतं का?

चौदा दिवस पुन्हा द्यावे लागतील, त्यातून सुटका नाही. अर्ज असा परत आला की पुढच्या अर्जाआधी आणखी चौदा दिवस चाचणी चालवायला सांगतात. पण मागचे चौदा दिवस गेले तसेच हेही घालवले, तर उत्तरही तेच येईल. बारा माणसं तुम्ही मिळवलीत. त्या बारा जणांना रोज ॲप उघडायला काही कारण होतं का, हे बघायचं राहून गेलं.

नियम पुन्हा एकदा नीट वाचू, कारण अर्धी गडबड तिथेच होते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ही अट लागू आहे. सुरुवातीला किमान २० टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये तो आकडा १२ वर आला. दिवस मात्र १४ च राहिले. अट अशी की क्लोज्ड टेस्टिंगमध्ये (फक्त आपण निवडलेल्या लोकांना ॲप देऊन केलेल्या चाचणीत) किमान १२ जण सलग १४ दिवस ऑप्ट-इन असले पाहिजेत. यातले ‘क्लोज्ड’, ‘ऑप्ट-इन’ आणि ‘सलग’ हे तिन्ही शब्द शब्दशः घ्यायचे.

‘क्लोज्ड’चा फटका मी स्वतः खाल्लाय. माझ्या ॲपची पहिली चाचणी मी इंटर्नल टेस्टिंगच्या ट्रॅकवर चालवत होते आणि रोज सकाळी दिवस मोजत होते. नवव्या दिवशी डॅशबोर्डवर मोजणी अजून शून्यावर का, म्हणून बघायला गेले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इंटर्नल ट्रॅक हा आपला आपण बिल्ड (ॲपची तयार प्रत) तपासण्यासाठी असतो. तिथे १०० जण घेता येतात, बिल्ड पटकन पोचतं, पण या अटीत त्याचा एकही दिवस धरला जात नाही. नऊ दिवस माझ्याच हाताने पाण्यात गेले.

‘ऑप्ट-इन’ म्हणजे यादीत ईमेल घालणं नव्हे. त्या माणसाने आपली लिंक उघडून टेस्टर व्हायचं बटण स्वतः दाबावं लागतं. आणि इथे एक अगदी नेहमीची अडचण येते. समोरचा म्हणतो, ‘लिंक दाबली, पण ॲप उपलब्ध नाही असं दिसतंय.’ बहुतेक वेळा त्याच्या फोनमध्ये दोन गूगल खाती असतात. आपल्याला दिलेला ईमेल कामाचा असतो आणि प्ले स्टोअर चालू असतं घरच्या खात्यावर. त्याला प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर असलेल्या गोल चित्रावर बोट ठेवून खातं बदलायला सांगा, मग लिंक पुन्हा उघडायला सांगा. तरीही दिसलं नाही, तर त्या ट्रॅकवर तुम्ही कुठले देश निवडलेत ते बघा. टेस्टरचा देश त्यात नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही त्याला ॲप मिळणार नाही.

राहिला ‘सलग’. एखादा टेस्टर अकराव्या दिवशी चाचणीतून बाहेर पडला आणि तेराव्या दिवशी परत आला, तर त्याचे आधीचे दिवस धरले जात नाहीत. तुमच्याकडे नेमके बाराच जण असतील तर एकाच्या बाहेर पडण्याने सगळ्यांची मोजणी अडते. म्हणून मी अठरा ते वीस जण घेते. याहून जास्त घेतले तर सगळ्यांशी बोलणं होत नाही, आणि बोलणं झालं नाही की वापर थंडावतो. नुसतं ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणून ऑप्ट-इन आपोआप रद्द होत नाही. पण असा माणूस आकड्यात राहतो आणि वापरात नसतो. तुमच्या बारा जणांत असे किती होते, ते एकेकाला फोन करून विचारा. ऐकायला बरं वाटणार नाही, पण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

किती वापर झाला म्हणजे पुरेसा, असा आकडा नियमात नाही, आणि तो ॲपवर अवलंबून असणं साहजिकही आहे. खर्चाचं ॲप माणूस दिवसातून दोन-तीनदा उघडेल, मासिक पाळीची नोंद ठेवणारं ॲप महिन्यातून चार दिवस उघडेल. त्यामुळे ‘रोज इतकी मिनिटं’ असलं गणित कोणी सांगत असेल तर सोडून द्या. तुमच्या ॲपचा स्वाभाविक वापर जसा असायला हवा तसा तो चाचणीत दिसला पाहिजे, एवढंच धरून चालायचं.

म्हणूनच टेस्टर कोण, हा खरा प्रश्न आहे. घरचे लोक प्रेमाने ॲप घेतात, एकदा उघडतात, ‘छान झालंय’ म्हणतात. त्यांना खर्च लिहायचाच नसतो, त्याला ते तरी काय करणार! मी टेस्टर घेताना एकच प्रश्न विचारते: ‘हे काम आत्ता तुम्ही कशावर करता?’ उत्तर ‘करतच नाही’ असेल तर आभार मानून पुढे. उत्तर ‘वहीत लिहितो’, ‘एक्सेलमध्ये टाकते’, ‘दुसरं एक ॲप आहे पण त्यात अमुक जमत नाही’ असं असेल तर तो माणूस सोडायचा नाही. अशी दहा माणसं मिळाली तर उरलेले आठ घरचे चालतील.

दुसरं असं की टेस्टरला ‘जरा बघून सांग’ म्हणू नका. बघून सांगायला त्याला काय सांगावं तेच कळत नसतं. दर दोन-तीन दिवसांनी एक छोटं काम द्या. तुमच्या ॲपसाठी मी काहीसं असं करेन: पहिल्या दिवशी आजचे तीन खर्च टाका. तिसऱ्या दिवशी त्यातला एक चुकीचा आहे असं समजून दुरुस्त करा. सहाव्या दिवशी विमान मोड लावून खर्च टाका आणि नेट सुरू झाल्यावर तो जागेवर आहे का बघा. नवव्या दिवशी मागच्या आठवड्यात जेवणावर किती गेले ते शोधा, आणि शोधायला किती वेळ लागला ते सांगा. बाराव्या दिवशी, जमत असेल त्यांनी, दुसऱ्या फोनवर ॲप टाकून जुन्या नोंदी परत येतात का ते पाहा. एका निरोपात एकच काम. सगळी कामं एकदम पाठवली तर कोणी एकही करत नाही.

यातून काय हाती लागतं ते माझ्याच ॲपवरून सांगते. औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं ॲप होतं. माझ्या फोनवर ते महिनाभर बिनचूक वाजत होतं. क्लोज्ड चाचणी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी सतरापैकी चौघांनी कळवलं की गजर वाजतच नाही. मी आधी बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगवर संशय घेतला, कारण काही कंपन्यांचे फोन पार्श्वभूमीत चालणारी ॲप्स बंद करतात. पण चौघांचे फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. सारखं एकच होतं: चौघांकडे अँड्रॉइड १४. त्या आवृत्तीपासून ठरल्या मिनिटाला गजर लावण्याची परवानगी नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲप्सना आपोआप मिळत नाही, ती वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. माझ्याही फोनवर अँड्रॉइड १४ च होतं! फरक इतकाच की ॲप माझ्याकडे अँड्रॉइड १३ असल्यापासून होतं, त्यामुळे फोन अपडेट झाला तेव्हा जुनी परवानगी तशीच पुढे आली. माझ्या टेबलावर बसून हा दोष मला सापडणं शक्यच नव्हतं. मी परवानगी तपासणारा पडदा (स्क्रीन) घातला आणि पाचव्या दिवशी नवं बिल्ड पाठवलं.

त्याच चाचणीत एका आजोबांचा निरोप आला, ‘रात्री बाराची गोळी तुमचं ॲप दुपारी देतंय.’ वेळ निवडायच्या चकतीवर एएम आणि पीएमची बटणं इतकी बारीक होती की त्यांना ती दिसलीच नव्हती. चोवीस तासांची चकती दिली, प्रश्न मिटला. कोडमध्ये एका ओळीचा बदल. ॲप औषधांचं होतं म्हणून मात्र मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

या दोन दुरुस्त्यांमुळे टेस्टर टिकले, हे मला नंतर लक्षात आलं. मी प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवला होता, ‘तुम्ही सांगितलेलं बदललंय, नव्या आवृत्तीत बघा.’ आपल्या सांगण्यावरून काही बदललं हे दिसलं की माणूस ॲप परत उघडतो. चौदा दिवसांत दोन ते तीन अपडेट जावेत असं मी धरते. अपडेट दिल्याने दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, ती भीती मनातून काढा. प्रत्येक बिल्डचा व्हर्जन कोड (आवृत्तीचा क्रमांक) आधीच्यापेक्षा मोठा हवा, आणि प्रत्येक अपडेटही तपासणीतून जातं, म्हणून शेवटच्या दिवशी घाईने काही पाठवू नका.

आणि वही ठेवा. साधा तक्ता पुरे: तारीख, कोणी सांगितलं, काय सांगितलं, मी काय केलं, कुठल्या आवृत्तीत. काही लोक प्ले स्टोअरमधूनच अभिप्राय देतात, ते कन्सोलमध्ये (डेव्हलपरने ॲप सांभाळायच्या गूगलच्या पानावर) टेस्टिंग फीडबॅकखाली दिसतात. बाकीचे फोनवर बोलतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकतात. सगळं त्याच तक्त्यात. अर्ज लिहायला बसाल तेव्हा हीच वही कामाला येते.

अर्जाबद्दल लोक फार कमी बोलतात, आणि माझ्या मते निम्मे अर्ज तिथेच कमजोर पडतात. त्याचे तीन भाग असतात. पहिल्यात चाचणीबद्दल: टेस्टर कसे जमवले, ते मिळणं सोपं गेलं की कठीण, त्यांनी ॲप कसं वापरलं, अभिप्राय काय आला आणि तो कसा गोळा केला. दुसऱ्यात ॲपबद्दल: ते कोणासाठी आहे, त्यांना त्याचा काय उपयोग, पहिल्या वर्षात साधारण किती जण घेतील. तिसऱ्यात तयारीबद्दल: चाचणीतून काय बदललं, आणि ॲप आता तयार आहे हे कशावरून ठरवलं.

‘टेस्टर्सनी सर्व सुविधा वापरल्या. सगळ्यांना ॲप आवडलं. कोणतीही अडचण आली नाही.’ असं उत्तर मी लोकांच्या अर्जांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. हे वाचून समोरच्याला काय कळणार? कुठल्याही ॲपच्या अर्जात ते जसंच्या तसं चिकटवता येईल. त्याऐवजी हे बघा: ‘१७ जणांपैकी चौघांना अँड्रॉइड १४ वर गजर आला नाही. कारण परवानगी बंद होती. पाचव्या दिवशीच्या आवृत्तीत ती तपासणारा पडदा घातला. नंतर चौघांनीही गजर वाजल्याचं कळवलं.’ शब्द दुपटीहून जास्त झाले, पण हे दुसऱ्या कोणाच्या ॲपबद्दल लिहिताच येणार नाही. तुमच्या पहिल्या अर्जात तुम्ही काय लिहिलं होतं ते प्रश्नात दिलेलं नाही. ते एकदा काढून या कसोटीवर वाचा. अर्ज दिल्यावर उत्तर सहसा सात दिवसांच्या आत येतं, कधी त्याहून उशीर होतो.

आता पैसे देऊन घेतलेल्या टेस्टर्सबद्दल. यावर सरसकट ‘चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत, पण अर्जातल्या प्रश्नातच टेस्टर कसे जमवले याचं उदाहरण म्हणून घरचे-मित्र यांच्या जोडीला पैसे घेऊन चाचणी करणाऱ्या सेवेचा उल्लेख आहे. म्हणजे पैसे देणं हा गुन्हा नाही. नेमकं काय विकत घेताय ते मात्र बघा. ‘बारा टेस्टर, चौदा दिवस, मंजुरीची हमी’ अशा जाहिरातीत बहुधा बारा खाती मिळतात, माणसं मिळत नाहीत. मंजुरी त्यांच्या हातात नसताना ते हमी कशाची देतात, हे त्यांनाच विचारा. शिवाय यातले काही जण तुमच्या कन्सोलचा प्रवेश मागतात. तो कोणालाही द्यायचा नाही. टेस्टरला लिंक पुरते.

‘तू माझं ॲप टाक, मी तुझं टाकतो’ अशी अदलाबदल करणारे गट आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही, मीही तिथून चार-पाच जण घेतले आहेत. ते स्वतः ॲप बनवणारे असल्यामुळे क्रॅश झाला तर नेमकं सांगतात, फोनचं मॉडेलही न विचारता देतात. पण त्यांना तुमचं ॲप हवं नसतं, त्यामुळे ‘हे समजत नाही’ असं ते कधी म्हणत नाहीत. राखीव गडी म्हणून ठीक, संपूर्ण संघ त्यांचा नको.

संस्थेच्या खात्याला ही अट नाही, हे खरं आहे. पण ती मागच्या दाराची वाट समजू नका. त्यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीकडून संस्थेचा डन्स नंबर (ओळख-क्रमांक) घ्यावा लागतो. तो फुकट मिळतो, पण यायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. नाव-पत्ता कागदपत्रांशी जुळावा लागतो. तुमचा नोंदणीकृत व्यवसाय आधीपासून असेल आणि पुढेही ॲप्स त्याच नावाने काढायची असतील तर जरूर उघडा. नसेल, तर फक्त चौदा दिवस वाचवण्यासाठी संस्था काढणं म्हणजे महिनाभराची कागदपत्रं अंगावर घेणं. जाता जाता एक: वैयक्तिक खात्यावर तुमचं कायदेशीर नाव आणि देश प्ले स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. ॲपमधून पैसे कमवायचे असतील तर पूर्ण पत्ताही दिसतो. हे अनेकांना ॲप बाहेर पडल्यावर कळतं. घरचा पत्ता असा दिसणं नको असेल तर विचार आत्ताच करा.

ॲपलकडे अशी बारा-चौदाची अट नाही. टेस्टफ्लाइट ही त्यांची चाचणीची सोय आहे, त्यात बाहेरचे १०,००० पर्यंत टेस्टर घेता येतात, एक बिल्ड ९० दिवस चालतं, पण ते वापरलंच पाहिजे अशी सक्ती नाही. गूगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर. मग सोपं आहे का? चाळणी तिथेही आहे, फक्त ती शेवटी लागते. अर्धवट किंवा नुसत्या चाचणीसाठीचं ॲप तिथे स्वीकारत नाहीत, आणि फारच किरकोळ उपयोगाचं ॲपही परत येतं. शिवाय अँड्रॉइडसाठी लिहिलेलं ॲप दुसरीकडे नेणं हे वेगळंच काम आहे. या अटीला कंटाळून तिकडे जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

तेव्हा तुमच्या जागी मी असते तर चालू क्लोज्ड ट्रॅक तसाच ठेवला असता आणि जुन्या बारांपैकी जे खरंच वापरतात त्यांना धरून ठेवलं असतं. त्यात खर्च आधीपासून लिहिणारे आठ-दहा जण नव्याने घ्या. मोजणी सुरू होण्याआधी दोन दिवस फक्त ऑप्ट-इन नीट झालं का तेवढंच बघा. ॲप विकतचं ठेवणार असाल तर क्लोज्ड ट्रॅकवर टेस्टर्सनाही ते विकत घ्यावं लागतं, हे लक्षात घेऊन किंमतीचा निर्णय घ्या.

मंजुरी आली की ॲप आपोआप बाहेर पडत नाही. प्रॉडक्शनचं रिलीज तुम्हालाच करावं लागतं, देश तिथे पुन्हा निवडावे लागतात, आणि तपासणी पुन्हा होते. आधी थोड्या टक्के लोकांना देऊन बघायची सोय पहिल्या रिलीजला नसते, ती पुढच्या अपडेटपासून मिळते. म्हणजे पहिल्या दिवशी ॲप सगळ्यांसमोर एकदम जातं. आणि ज्यांनी चौदा दिवस तुमच्यासाठी खर्च लिहिले त्यांना चाचणीतून बाहेर पडायची लिंक पाठवा. टेस्टर असेपर्यंत त्यांनी लिहिलेला अभिप्राय फक्त तुम्हाला दिसतो, सगळ्यांना दिसेल असा लिहायचा असेल तर आधी बाहेर पडावं लागतं. ज्यांना पुढेही नवी बिल्ड आधी बघायची हौस आहे, ते दोघं-तिघं तसेच राहू द्या. दुसऱ्या अपडेटच्या वेळी त्यांची गरज लागेलच.